न जेवणारं सैन्य

‘एम्पायर: टोटल वॉर’ हा गेम मार्च २००९मध्ये बाजारात आला. इंग्लंडच्या ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’नं तो बनवला आणि ‘सेगा’नं विकला. काळ १७०० ते १७९९. पट तीन भागांचा: युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान. ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, प्रशिया, ऑस्ट्रिया, रशिया, स्वीडन, पोलंड, डच आणि तुर्क या सत्तांबरोबर खेळाडूला आणखी एक सत्ता निवडता येते, ती म्हणजे मराठे. मूळ गेममध्ये मुघलांशी लढता येतं, पण मुघल होऊन खेळता येत नाही. दिल्लीचा बादशहा कॉम्प्युटरच्या हाती आणि साताऱ्याची गादी खेळणाऱ्याच्या हाती, अशी मांडणी जगभर विकल्या गेलेल्या एखाद्या गेममध्ये होते, याचा मला आजही आनंद वाटतो.

आमच्या जर्सी सिटीत हा गेम खेळणारी मराठी मुलं बरीच आहेत. न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांपासून हडसनकाठच्या उंच इमारतींपर्यंत पसरलेल्या आपल्या घरांमधून शिवाजी महाराजांच्या गोष्टी मुलांना आईवडील आणि रविवारची मराठी शाळा सांगतात. त्यानंतरचं शतक मात्र घरात फारसं कुणी सांगत नाही. ताराबाई, पहिला बाजीराव, महादजी शिंदे ही नावं इथल्या अनेक मुलांना पहिल्यांदा अशा गेममुळेच भेटतात. मग ती प्रश्न विचारतात, आणि ते प्रश्न चांगले असतात. म्हणून हे गेम काय मोजतात आणि काय मोजत नाहीत, हे नीट समजून घ्यायला हवं.

या प्रकारच्या गेमचा सांगाडा साधा आहे. आधी अंधारातला नकाशा शोधत जायचा, मग मुलूख वाढवायचा, त्याचं उत्पन्न घ्यायचं आणि शेवटी प्रतिस्पर्ध्याला संपवायचं. सिड मायर यांच्या ‘सिव्हिलायझेशन’नं १९९१मध्ये ही चाल घरोघर नेली. १९९७मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स’ आला आणि पुढच्या काही वर्षांत पुण्यामुंबईच्या सायबर कॅफेंत आणि इंजिनिअरिंगच्या होस्टेलांवर रात्री जागू लागल्या. आज इथे आयटीत किंवा बँकांत असलेल्या आईबाबांपैकी कितीतरी जण त्याच पिढीचे आहेत. त्यांच्या मुलांना स्ट्रॅटेजी गेम काय असतो हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

‘टोटल वॉर’ मालिकेत या सांगाड्याचे दोन मजले आहेत. वरच्या मजल्यावर नकाशा आणि एकामागून एक येणाऱ्या खेळ्या. ‘एम्पायर’मध्ये एक खेळी म्हणजे सहा महिने. कर किती लावायचा, बंदर बांधायचं की कारखाना, कुणाशी तह करायचा, फौज कुठे हलवायची, हे सगळं तिथे ठरतं. दोन फौजा भिडल्या की खालच्या मजल्यावर प्रत्यक्ष लढाई सुरू होते. तोफा, बंदुकधारी पायदळ, घोडदळ, मराठ्यांकडे हत्तीही. हजारो सैनिक पडद्यावर एकाच वेळी धावतात. लढाई संपली की पुन्हा वर. प्रत्येक प्रांताला एक राजधानीचं ठाणं असतं. ते पडलं की सगळा प्रांत विजेत्याच्या रंगात रंगतो, आणि शेवटचा प्रांत गेला की ती सत्ता पटावरून पुसली जाते.

मराठ्यांच्या बाबतीत पहिली अडचण इथेच येते. गेम १७०० साली सुरू होतो. त्या वर्षी खरोखर काय चाललं होतं? मार्चच्या सुरुवातीला छत्रपती राजाराम सिंहगडावर वारले. औरंगजेब जातीनं साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. प्रयागजी प्रभू किल्ला लढवत होते. एप्रिलमध्ये मुघलांनी उडवलेल्या सुरुंगानं त्यांचीच माणसं मोठ्या संख्येनं गाडली, तरी त्याच महिन्यात सातारा पडला. त्याआधी रायगड १६८९मध्येच गेला होता, राजधानी थेट तमिळ मुलखात जिंजीला न्यावी लागली होती आणि १६९८मध्ये तीही हातची गेली होती. गेमच्या हिशेबानं हे राज्य दोनतीनदा पुसलं जायला हवं होतं. ते पुसलं गेलं नाही, कारण ते एका ठाण्यात साठवलेलं नव्हतं. ताराबाईंनी कारभार हाती घेतला. सरदार आपापल्या तुकड्या घेऊन माळवा आणि गुजरातपर्यंत घुसले आणि मुघलांच्या मागून येणारे धान्याचे, खजिन्याचे तांडे त्यांनी लुटले. किल्ले लढवून लढवून शेवटी मोल घेऊन खाली केले आणि पुढे संधी येताच परत घेतले. बादशहा ठाणी जिंकत राहिला आणि १७०७मध्ये अहमदनगरला मेला. गडामागून गड जिंकूनही त्यानं मुलूख का गमावला, याचं उत्तर ‘ठाणं ज्याचं त्याचा प्रांत’ या नियमात बसत नाही.

दुसरी अडचण रंगाची. १७१९मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे आणखी दहा टक्के. म्हणजे पुढची कित्येक वर्षं एकाच गावात निजामाचाही अंमलदार आणि मराठ्यांचाही कमाविसदार, दोघंही वसुलाला हजर. ते गाव नकाशावर कुठल्या रंगात दाखवायचं? स्वीडनच्या ‘पॅराडॉक्स’ कंपनीच्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मध्ये मांडलिक, खंडणीदार असे मधले संबंध दाखवायची सोय आहे आणि मराठी संस्कृतीच्या राज्याला पुढे मराठा साम्राज्य घडवता येतं. हे चित्र सत्याच्या जास्त जवळ आहे. तरीही जमीन एकाची आणि तिच्या उत्पन्नात वाटा दुसऱ्याचा, हा मराठी राज्याचा गाभा कुठल्याही लोकप्रिय गेममध्ये अजून नीट उतरलेला मी पाहिलेला नाही.

पण या दोन्हींपेक्षा मोठी उणीव तिसरी आहे, आणि ती फक्त मराठ्यांपुरती नाही. या गेममधलं सैन्य जेवत नाही.

‘एज ऑफ एम्पायर्स’ आठवून पाहा. शेतकरी शेत पिकवतो, मेंढ्या मारतो, झुडपांवरची फळं तोडतो. ते धान्य खर्चून सैनिक तयार होतो. त्यानंतर तो सैनिक पुन्हा कधीच काही खात नाही. त्याला नकाशाच्या दुसऱ्या टोकाला तासभर उभा ठेवा, तो तसाच ताजा. ‘एम्पायर’मध्ये दर खेळीला फौजेचा पगार तिजोरीतून जातो, पण फौज शत्रूच्या मुलखात उन्हाळ्यात आहे की हिवाळ्यात, मागची वाट मोकळी आहे की तोडलेली, याचा तिच्या पोटावर काही परिणाम होत नाही. वर्षभरानं आलेल्या ‘नेपोलियन: टोटल वॉर’मध्ये बर्फात आणि वाळवंटात फौज झिजू लागली. रशियातून परतलेल्या नेपोलियनवर गेम काढायचा तर तेवढं करणं भागच होतं. मराठ्यांना जागा देणाऱ्या गेममध्ये मात्र ते नाही.

याचा परिणाम किती खोल जातो, ते दोन मोहिमांवरून कळतं. १७२७च्या उत्तरार्धात निजामानं छत्रपती शाहूंविरुद्ध कोल्हापूरच्या संभाजींची बाजू घेतली. बाजीरावांनी निजामाच्या मुख्य फौजेशी टक्कर न घेता जालना, वऱ्हाड, खानदेश, गुजरात असा मुलूख तुडवायला सुरुवात केली. इकडे निजाम पुण्यात शिरला. गेम खेळणारा इथे म्हणेल, पुणं गेलं, डाव हरत चालला. बाजीराव पुणं सोडवायला आलेच नाहीत. ते उलटे औरंगाबादच्या रोखानं वळले. आपलीच राजधानी धोक्यात आहे हे पाहून निजामाला पुणं सोडून मागे धावावं लागलं. वेगानं निघायचं म्हणून जड तोफखानाही मागे ठेवावा लागला. फेब्रुवारी १७२८च्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेडला मराठ्यांनी त्याला अशा जागी गाठलं की पाणी हाताशी नाही आणि धान्य येण्याची वाट बंद. मोठी लढाई न होताच मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. सैन्याला तहान-भूकच नसेल तर पालखेड घडूच शकत नाही.

आणि पानिपतही घडू शकत नाही. भाऊसाहेबांची छावणी १७६०च्या ऑक्टोबरअखेरीपासून पानिपतला अडकली. लढणाऱ्यांबरोबर न लढणारी माणसं प्रचंड संख्येनं होती: यात्रेकरू, बायकामुलं, नोकरचाकर, बाजारबुणगे. दोआबातून रसद पाठवायची जबाबदारी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती, ते डिसेंबरमध्ये मारले गेले. कहीवर, म्हणजे वैरण आणि सरपण आणायला बाहेर पडणं जिवावरचं झालं. घोडे मेले, माणसं उपाशी राहिली आणि १४ जानेवारी १७६१ला मराठे बाहेर पडले ते आणखी थांबणं शक्य नव्हतं म्हणून. आपल्या घरांमध्ये पानिपतची चर्चा विश्वासरावांना गोळी लागली, होळकर निघून गेले, भाऊ हत्तीवरून उतरले, या क्षणांभोवती फिरते. गेमही फक्त तेवढाच दिवस दाखवू शकतो. त्याआधीचे अडीच महिने दोन्हीकडे गाळले जातात, आणि माझ्या मते हार त्या अडीच महिन्यांत ठरली.

अठराव्या शतकात जर्सी सिटी आणि पुणे एकाच साम्राज्याशी लढत होते, हे इथे वाढणाऱ्या मुलांना सांगायला हवं. ‘एम्पायर’ गेममध्ये अमेरिका आणि हिंदुस्थान एकाच घड्याळावर चालतात, ही त्याची फार मोठी देणगी आहे. १७७५च्या मार्चमध्ये पेशवेपदासाठी राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध ओढवलं. पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, मॅसॅच्युसेट्समध्ये लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, दुसऱ्या बाजूला ब्रिटनचा राजा, आणि दोन्ही युद्धं पुढे वर्षानुवर्षं बरोबरीनं चालली.

१७७९ हे साल तर शेजारी शेजारी ठेवून वाचावं असं आहे. जानेवारीत राघोबादादांना घेऊन कंपनीची फौज बोरघाट चढून मावळात आली. लढणारे सुमारे ३,९०० आणि सामान वाहणारे बैल १९,०००. या दोन आकड्यांतच त्या मोहिमेची सगळी कथा आहे. एवढ्या बैलांना वैरण लागते, त्यांची रांग मैलोन्‌मैल लांबते आणि तिला कुठूनही तोडता येतं. मराठ्यांनी समोर उभं राहून एक मोठी लढाई दिली नाही. बाजूबाजूनं सतावत राहिले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा, मारला गेला. फौज तळेगावला पोचली तेव्हा गाव आधीच जाळून रिकामं केलेलं होतं. दाणा नाही, वैरण नाही. पुण्याला जावं तर तेही जाळतील अशी बातमी. इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि रात्री माघार घेतली. वडगावला महादजी शिंद्यांनी त्यांना घेरलं आणि तहाच्या अटी मान्य करायला लावल्या.

त्याच वर्षी १९ ऑगस्टच्या पहाटे आमच्या गावात लढाई झाली. आज जिथे एक्स्चेंज प्लेस स्टेशन आणि काचेच्या इमारती आहेत, तो पॉलस हुकचा भाग तेव्हा दलदलीनं वेढलेलं टोक होतं. तिथे सप्टेंबर १७७६पासून ब्रिटिशांचा कोट होता. अमेरिकन मेजर हेन्री ली, वय तेवीस, तीनचारशे माणसं घेऊन रात्री हॅकेन्सॅकच्या बाजूनं निघाला. रानात वाट चुकली, काही तुकड्या मागेच राहिल्या, उशीर झाला आणि भरतीचं पाणी चढू लागलं. खंदक पार करताना बंदुकीची दारू भिजली. नुसत्या संगिनींनी हल्ला करून लीच्या लोकांनी दीडशेहून जास्त कैदी पकडले. ब्रिटिश अधिकारी मेजर सदरलंड मात्र आतल्या बुरुजातून बाहेर आला नाही. उजाडत आलं होतं, पलीकडच्या न्यूयॉर्कहून कुमक यायची भीती होती आणि कोरडी दारू नव्हती. ली परत फिरला, तर हॅकेन्सॅक नदीवर त्याच्यासाठी ठेवलेल्या होड्या तिथे नव्हत्या. उशीर झाला म्हणून हल्ला रहित झाला असं समजून त्या नेल्या होत्या. थकलेल्या माणसांना कैद्यांसकट लांबच्या वाटेनं चालत जावं लागलं. पुढे अमेरिकन काँग्रेसनं लीला सुवर्णपदक दिलं. वॉशिंग्टन स्ट्रीट आणि ग्रँड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या बागेत या लढाईचं स्मारक आहे. मुलांना तिथे न्यावं आणि विचारावं: या लढाईत बंदुका किती होत्या याला महत्त्व होतं, की दारू कोरडी किती होती आणि होड्या कुठे होत्या याला?

हे सगळं गेम बनवणाऱ्यांना माहीत नसतं असं मुळीच नाही. त्यांना ते उत्तम माहीत असतं. पॉलस हुकहून नदीपलीकडे, न्यूयॉर्कमध्ये ‘एसपीआय’ नावाची कंपनी कागदी पटावरचे युद्धखेळ काढायची. तिनं १९७९मध्ये रिचर्ड बर्ग यांचा ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ हा खेळ काढला. त्यात इंधन मोजायचं, दारूगोळा मोजायचा, पाणी मोजायचं. इटालियन तुकड्यांना पास्ता उकळण्यासाठी जादा पाणी द्यायचं असाही एक नियम त्यात आहे. दहा खेळाडू लागतात आणि पूर्ण डाव संपवायचा तर हजारावर तास. असा खेळ कौतुकानं आठवला जातो, पण खेळला जात नाही. रसदेचा हिशेब कंटाळवाणा होतो, म्हणून बहुतेक गेम तो गाळतात. शिवाय लढाई न होता उपासमारीनं फौज विरघळली की खेळणाऱ्याला आपल्यावर अन्याय झाला असं वाटतं. तिसरं कारण तांत्रिक आहे: कॉम्प्युटरला ठाण्यावर चालून जायला शिकवणं सोपं, पण माघार घेणं, पांगणं, शत्रूला लांब ओढून नेणं शिकवणं फार अवघड. ‘एम्पायर’ बाजारात आला तेव्हा त्यातल्या कॉम्प्युटरला समुद्रापलीकडे फौज उतरवणंही जमत नव्हतं, ते पुढे दुरुस्त करावं लागलं. त्याला गनिमी कावा कसा यावा?

म्हणून या गेमना नावं ठेवायची नाहीत. पैसा एकच असताना बंदर की पलटण हे ठरवायला लावणारा, कर वाढवला की रयत बिथरते हे दाखवणारा, एका वेळी दोन आघाड्या उघडल्या की काय होतं ते अंगावर आणणारा दुसरा कुठला खेळ मला माहीत नाही. इतिहासाचं पुस्तक निर्णय झाल्यावर सुरू होतं. गेम निर्णयाच्या आधी थांबवतो आणि विचारतो, आता काय? हा प्रश्न बारा-चौदा वर्षांच्या वयात पडणं मोलाचं आहे. आईवडिलांनी शेजारी बसून एवढंच करावं: ‘तुझी फौज काय खातेय?’ असं मधूनमधून विचारावं. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मध्ये हा प्रश्न विचारायला जागाही आहे. तिथे प्रत्येक प्रांत ठरावीक इतकीच फौज पोसू शकतो, त्याहून जास्त नेली तर दर महिन्याला माणसं झडतात. शिवाय यातल्या अनेक गेममध्ये हौशी लोकांना बदल करून आपली आवृत्ती बनवता येते, तिला मॉड म्हणतात. प्रोग्रॅमिंग शिकणारी मराठी मुलं जर्सी सिटीत कमी नाहीत. त्यांनी करावा असा एक मॉड मला डोळ्यांसमोर दिसतो.

त्याचा नायक आहे चार्ल्स कॉर्नवॉलिस. नोव्हेंबर १७७६मध्ये हडसन ओलांडून, आमच्या गावाच्या थोडं उत्तरेला, त्यानं फोर्ट ली घेतला. अमेरिकन इतक्या घाईनं निघाले की तंबू आणि चुलीवरची भांडीही तशीच राहिली. १७८१मध्ये यॉर्कटाउनला त्याच कॉर्नवॉलिसच्या फौजेला शरण जावं लागलं. १७८६मध्ये तो हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आला आणि टिपूविरुद्धच्या युद्धात मराठे त्याचे दोस्त झाले. मे १७९१मध्ये तो श्रीरंगपट्टणपर्यंत पोचला, लढाईही जिंकला. पण बैल मेले होते, धान्य संपलं होतं, पावसाळा तोंडावर होता. वेढ्याच्या जड तोफा आपल्याच हातांनी फोडून तो मागे फिरला. मेलकोट्याजवळ समोरून घोडदळ येताना दिसलं. ते टिपूचं नव्हतं. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन आपल्या फौजा घेऊन येत होते आणि त्यांच्यामागे भरलेला बाजार होता: धान्य, कापड, सराफ, सगळं. उपाशी इंग्रज फौज त्या बाजारात जगली आणि तिला मराठ्यांच्या भावानं पैसे मोजावे लागले.

या मॉडमध्ये तोफा कमी असल्या तरी चालेल. बैल, वैरण, बंजाऱ्यांचे तांडे आणि पावसाची तारीख मात्र हवी. कॉर्नवॉलिस कॉम्प्युटरकडे द्यावा. खेळणाऱ्यानं हरिपंत व्हावं, आणि गोणीमागे दर किती लावायचा, हे त्यानं ठरवावं.